बशीतली बातमी बशीतच राहू द्या

ठाणे आणि नवी मुंबईतल्या मराठी दैनिकांच्या व बातम्यांच्या पोर्टलांच्या संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

मी शास्त्रज्ञ नाही. नवी मुंबईतल्या एका पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली एकवीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम करते. राहायला कळव्याला. रोज सकाळी ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून पनवेल लोकल पकडते आणि बसायला मिळालं तर पेपर उघडते. डब्यात कागदाचा पेपर वाचणारी आता मी एकटीच उरले आहे, तेव्हा तुमच्याशी बोलायचा थोडा हक्क आहे असं समजते. हे पत्र आमच्या सरांना विचारून लिहिलेलं नाही. म्हणून खाली नाव नाही.

गेल्या वर्षी पाऊस ओसरत असताना आमच्याकडच्या एका पीएचडीच्या मुलीचा पेपर छापून आला. पेपर म्हणजे शोधनिबंध. माझी सासू सुरुवातीला विचारायची, "एवढी पाच-पाच वर्षं कसला पेपर लिहितात गं? पास होत नाहीत का?" या मुलीचा विषय एवढाच होता की तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या बशीच्या तळावरून सरकतात कशा, आणि एक ठरावीक प्रथिन कमी केलं तर त्या सरकण्यात काय फरक पडतो. नियतकालिकाच्या परीक्षकांनी दोनदा परत पाठवला, आणखी प्रयोग मागितले. त्यातला एक पुरा करायला तिला लग्नाची तारीख पुढे ढकलावी लागली. स्वीकारल्याची मेल आली तेव्हा आम्ही बाहेरच्या पॅसेजमध्ये पेढे वाटले, कारण आत खायला बंदी आहे.

मग संस्थेकडून प्रसिद्धिपत्रक गेलं, आणि दोन दिवसांनी तुमच्यापैकी एकाकडे बातमी आली. मथळ्यात 'रामबाण' होतं. मजकुरात 'दुष्परिणाम नसलेलं औषध' होतं. पेपरात औषध कुठेच नव्हतं, तर त्याचे दुष्परिणाम कुठून असणार? शेजारी फोटो होता, हातमोजा घातलेल्या हातात निळ्या पाण्याची परीक्षानळी. आमच्याकडे निळं पाणी नसतं हो. पेशींना वाढवायचं जे द्रव, ज्याला आम्ही मीडिया म्हणतो, ते गुलाबी-लाल असतं. पेशींनी खाऊन-पिऊन आम्ल सोडलं की ते पिवळं पडतं, आणि पिवळं पडलं की बदलावं लागतं. पण ते असू दे. फोटोसाठी मी पत्र लिहिलं नसतं.

बातमीनंतर दोन-अडीच आठवड्यांनी गेटवरून सिक्युरिटीचा फोन आला. "मॅडम, एक काका आलेत, मराठीच बोलतात, तुम्ही या." आमच्या लॅबमध्ये बंगाली, मल्याळी, तेलुगू मुलं जास्त, त्यामुळे असले निरोप माझ्याकडेच येतात. साठीच्या आसपासचे, धोतर-टोपीतले गृहस्थ. लातूरकडच्या औशाचे. रात्रभर ट्रॅव्हल्सने येऊन पहाटे कळंबोलीला उतरले होते आणि विचारत विचारत आमच्यापर्यंत पोचले होते. खिशात बातमीचं कात्रण. पुतण्याच्या फोनवर फॉरवर्ड आलेलं, त्याने तालुक्याला प्रिंट काढून दिलेली. पिशवीत बायकोची फाइल. तिला गालाच्या आतून कर्करोग, तरुणपणापासून मिसरी लावायची सवय. 

"ताई, ते औषध हितंच भेटतंय म्हणले."

मी त्यांना चहा दिला आणि फाइल बघितली. रेडिएशन चालू होतं. या प्रकारात ते आठवड्याला पाच दिवस असं सहा-सात आठवडे घ्यावं लागतं आणि मध्ये खंड पडलेला चालत नाही. खंड पडला तर पेशी सावरतात, परत वाढायला लागतात. हे मला लॅबमधल्या कामामुळेच माहीत. त्यांनी ते निम्म्यावर थांबवलं होतं. बायकोचं तोंड सोलून निघालं होतं, घास गिळत नव्हता, आणि त्यात हे कात्रण हातात आलं: दुष्परिणाम नसलेलं.

मी सांगितलं, औषध नाही, काका. हा बशीतल्या पेशींवरचा अभ्यास आहे. त्यांनी विचारलं, "मग छापलं कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांशी मी त्यांचं फोनवर बोलणं करून दिलं. उद्याच्या उद्या रेडिएशन परत सुरू करा, एवढंच डॉक्टर म्हणाले. काका त्याच रात्रीच्या गाडीने परत गेले. मी नंबर घेतला होता. नंतर दोनदा लावला, लागला नाही. त्यांचा प्रश्न तेवढा तुमच्याकडे पोचवते आहे.

बशी म्हणजे काय, ते एकदा नीट सांगते, कारण सगळा घोळ तिथेच होतो. आम्ही प्लेट म्हणतो, घरी सांगताना बशी म्हणते. तळहाताएवढी प्लास्टिकची चकती. तिच्या तळाला पेशींचा एक पातळ थर चिकटलेला. ती ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे ऊब राखणाऱ्या कपाटात, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवायची. त्या पेशींना रक्त नाही, यकृत नाही, मूत्रपिंड नाही, रोगाशी लढणाऱ्या दुसऱ्या पेशी नाहीत. जे वरून ओतलं ते थेट त्यांच्या अंगावर. खऱ्या शरीरात औषध पोटातून जातं, यकृत त्याचे तुकडे करतं, अर्धं लघवीतून निघून जातं, उरलंसुरलं गाठीपर्यंत पोचलं तर पोचलं. बशीत मीठ जास्त पडलं तरी कर्करोगाच्या पेशी मरतात. इनक्युबेटरचा सिलिंडर सुट्टीच्या दिवशी संपला तरी मरतात. मी स्वतः एकवीस वर्षांत लाखोंनी मारल्या आहेत, बहुतेक चुकून. त्याची बातमी कधी झाली नाही.

बशीत दिसलेली गोष्ट पुढे उंदरात बघतात. उंदरात टिकली तर माणसांवर तीन टप्प्यांत चाचण्या होतात. आधी सुरक्षित आहे का, मग काही फायदा दिसतो का, मग शेकडो-हजारो रुग्णांत आत्ताच्या उपचारापेक्षा बरी ठरते का. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांतली साधारण नऊ तिथेही गळतात. आणि बशीतच राहून गेलेल्यांची तर गणतीच कोणी ठेवत नाही.

आता आमच्या बाजूची चूकही कबूल करते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई एकतर्फी लिहिते. ते प्रसिद्धिपत्रक मी नंतर मागून वाचलं. त्यातच 'उपचाराची नवी दिशा' असं होतं. तुम्ही दिशेचा रामबाण केलात, पण दिशा आम्हीच दिली होती. हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची २०११ सालची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासून काही संशोधकांनी २०१४ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास छापला होता. प्राण्यांवरच्या अभ्यासांच्या पत्रकांपैकी ३६ टक्के पत्रकांत माणसांविषयी फुगवून निष्कर्ष काढलेले निघाले. आणि पत्रकात फुगवलेलं असेल तर बातमीही फुगलेली असण्याची शक्यता कितीतरी वाढत होती. म्हणजे फुगा बऱ्याचदा आमच्याकडेच भरला जातो, तुम्ही दोरा बांधून सोडता. मी आमच्या सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पत्रकात 'बशीत' असं लिहिलं तर कोण छापेल?" त्यांचंही खोटं नाही. म्हणून तर तुम्हाला लिहिते आहे.

कारण बशीतली गोष्ट आपल्या जागी मोठीच असते. माणसाच्या पेशी शरीराबाहेर वर्षानुवर्षं वाढवता येतात, हेच मुळात १९५१ पर्यंत जमलेलं नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या ३० वर्षांच्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी, तिला न विचारता, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत वाढवायला घेतल्या. त्या मेल्याच नाहीत. ती बाई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली, पेशी आजही जगभर वाढताहेत. हीला पेशी म्हणतात त्यांना. त्याच गाय यांच्या प्रयोगशाळेत आपल्या कमल रणदिवे जाऊन पेशी वाढवायचं तंत्र शिकल्या. पुण्यातल्या, माहेरच्या समर्थ. कर्करोग संशोधक डॉ. खानोलकरांच्या विद्यार्थिनी. परत येऊन त्यांनी परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात भारतातली पहिली ऊतिसंवर्धन (पेशी-ऊती वाढवायची) प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. तीच संस्था २००२ मध्ये खारघरला आली, तुमच्या-माझ्या रेल्वेलाइनवर. कमलताईंचा हात असलेली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटनाही आज वाशीत आहे. २०२१ च्या ८ नोव्हेंबरला, त्यांच्या जन्मदिवशी, गूगलने त्यांचं चित्र लावलं तेव्हा माझ्या मुलीने विचारलं, "आई, या कोण?" घरात एकवीस वर्षं पेशीवाली आई असून मुलीला माहीत नव्हतं. यात दोष तुमचा किती नि माझा किती, ते जाऊ दे.

मग आमच्याकडे बातमी कशाला म्हणतात? लॅबच्या दाराजवळ एक पांढरा बोर्ड आहे. आमचं दैनिक तेच. त्यावर गेल्या महिन्यात लिहिलेलं होतं: नायट्रोजन भरला. मायको निगेटिव्ह. व्हायवा मंगळवारी, सगळ्यांनी या. पुण्याहून नव्या पेशी आल्या, कोणी हात लावू नये. रिव्हिजन पाठवलं, देवाला काळजी. (नायट्रोजन म्हणजे पेशी गोठवून ठेवायचा द्रव, व्हायवा म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा, रिव्हिजन म्हणजे परीक्षकांनी सांगितलेले बदल केलेला पेपर.)

यातलं 'मायको निगेटिव्ह' ही आमची सगळ्यात मोठी बातमी, आणि ती दर महिन्याला यावी लागते. मायकोप्लाझ्मा नावाचा एक जिवाणू असतो. त्याला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. तो इतका बारीक की नेहमीच्या गाळणीतून निसटतो, आणि त्याने मीडिया गढूळही होत नाही. म्हणजे डोळ्यांना सगळं छान दिसतं, पेशी वाढत असतात, आणि आतून त्यांचं वागणं बदललेलं असतं. तुम्ही वर्षभर कर्करोगाचा अभ्यास करताय असं समजता, आणि खरं तर पाहुण्याचा अभ्यास चाललेला असतो. आमच्याकडे एकदा सापडला होता. एका मुलाची आठ महिन्यांची पेशींची बॅच आम्ही ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या यंत्रात, घालून नष्ट केली. तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी येऊन पहिल्यापासून सुरुवात केली. 'शास्त्रज्ञाने आठ महिन्यांचं काम फेकून दिलं' अशी बातमी तुम्ही छापलीत तर मी दहा प्रती घेईन.

पेशी बदलून जाण्याचाही प्रकार असतो. स्टॅन्ली गार्टलर या शास्त्रज्ञाने १९६६ मध्ये दाखवून दिलं की जगातल्या प्रयोगशाळा ज्यांना वेगवेगळ्या अवयवांच्या पेशी समजून वापरत होत्या, त्यातल्या कितीतरी प्रत्यक्षात हीलाच होत्या. हीला इतक्या दांडग्या की एक थेंब चुकून दुसऱ्या बाटलीत पडला तर काही दिवसांत बाटली त्यांचीच. भाडेकरूने घर बळकावावं तसं. लोकांना ऐकायला आवडलं नाही, आणि ती चूक पुढे अनेक दशकं चालूच राहिली. म्हणून आता पेशींच्या डीएनएची ओळखपरेड करून घ्यावी लागते, आणि तिचा अहवाल आला की तोही बोर्डावर चढतो.

मार्च २०२० मध्ये बोर्डावर एकच ओळ होती: सगळ्यांना झोपवलं. टाळेबंदी लागणार हे दिसल्यावर आम्ही तीन दिवसांत सगळ्या पेशी गोठवल्या. मिनिटाला एक अंश अशा बेताने हळूहळू थंड करायच्या, मग द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ ला. घाई केली तर आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फाटतात. पुढे मी आणि आणखी एक जण, पास काढून, नायट्रोजनची पातळी बघायला आळीपाळीने जायचो. लोकल बंद, ऐरोलीमार्गे दुचाकीवर. आणि सगळं मार्गी लागतंय म्हणेपर्यंत १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. बिघाड कुठे, तर आमच्या कळव्याच्या बाजूला. मला अजून चिडवतात. उणे ८० चे फ्रीजर जनरेटरवर घेतले, दारं कोणी उघडू नयेत म्हणून चिकटपट्ट्या लावल्या. त्या पेशी आजही आहेत. पेपर छापून आलेल्या मुलीच्या पेशी त्यातल्याच, हे तुमच्या बातमीत नव्हतं.

मोठा मथळा कधीच देऊ नका असं मी म्हणत नाही. ४ जून २०२१ ला, कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना, खारघरलाच टाटा स्मारक केंद्राच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात देशातली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती एका रुग्णाला दिली गेली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, त्यांच्यात एक जनुक घालायचं, त्या वाढवायच्या आणि परत सोडायच्या, म्हणजे त्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी हुडकून मारतात. आयआयटी मुंबई आणि टाटांच्या डॉक्टरांनी मिळून केलेलं काम. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार१९' नावाने त्याला परवानगी मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झालं. त्या दिवशी आठ कॉलम दिले असते तरी मी कुरकुर केली नसती.

पण उलट मोजून बघा. या कल्पनेचा सुरुवातीचा एक प्रयोग इस्रायलमध्ये झेलिग एश्हार यांच्या चमूने १९८९ मध्ये छापला. अमेरिकेत एका लहान मुलीला हा उपचार मिळाला २०१२ मध्ये. तिथे बाजारात परवानगी २०१७, आपल्याकडे २०२३. बशीपासून भारतातल्या परवानगीपर्यंत चौतीस वर्षं. १९८९ ची बातमी 'रामबाण' म्हणून छापली असती तर तेव्हाचे किती काका तेल अवीवला नाही तरी परळला जाऊन थांबले असते? आणि हा उपचारही काही ठरावीक रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे, गालाच्या नाही. तेही मथळ्याखाली ठळक यायला हवं, कारण आमच्या गेटवर त्याचीही चौकशी करणारे येतात.

माझं मागणं छोटं आहे. मथळ्यात एक शब्द घाला: बशीत. उंदरात असेल तर उंदरात. माणसांवर असेल तर किती माणसांवर, तो आकडा. जागा नसेल तर 'यश' काढा, 'रामबाण' काढा, 'शास्त्रज्ञांची कमाल' काढा. जागाच जागा होईल. उपचार चालू असलेल्यांनी तो थांबवू नये, ही ओळ कर्करोगाच्या प्रत्येक बातमीखाली कायमची टाइप करून ठेवा, जशी राशिभविष्याखाली ज्योतिषाची पाटी असते. आणि छापण्याआधी पेपर लिहिणाऱ्या मुलीला किंवा मुलाला एक फोन करा. प्रमुखांना नको, त्यांच्याकडे वेळ नसतो आणि ते सवयीने मोठं बोलतात. तिला फोन करा. ती बिचारी 'पण', 'कदाचित', 'अजून माहीत नाही' असं इतक्यांदा म्हणेल की तुमचा मथळा आपोआप खाली बसेल.

आणि जमलं तर महिन्यातून एक छोटा कॉलम आमच्या बोर्डासारखा. ठाण्या-नवी मुंबईतल्या लॅबमध्ये या महिन्यात काय झालं, काय फसलं, कोणाची व्हायवा झाली. भाजीचे भाव छापता तेवढ्या जागेत मावेल.

ज्या कार्यालयांना हे पत्र टपालाने पाठवलं आहे, त्यांच्या प्रतीत माझा नंबर आहे. एखाद्या वार्ताहराला पाठवायचं असेल तर बुधवारी पाठवा. बुधवारी मी मीडिया बदलते. चपला बाहेर, डबा पॅसेजमधल्या टेबलावर, फोन खिशात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की घाई करू नका म्हणावं. पहिल्यांदा सगळ्यांना स्वतःच्या पापण्याच दिसतात.

आपली,
पनवेल लोकलमधली एक वाचक
कळवा, ठाणे